किनवटची पहिली वेलांटी

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटचे नाव उच्चारताना आधी ‘क’ येतो, मग ‘इ’. कागदावर मात्र वेलांटी ‘क’च्या डावीकडे, म्हणजे आधी दिसते. वाचणाऱ्याचे यात काही अडत नाही. यंत्राचे अडते, कारण त्याला एक चिन्ह आधी साठवावे लागते आणि दुसरे नंतर. टाइपरायटरने वेलांटी आधी धरली, छपाईच्या फॉन्टांनी तोच क्रम उचलला, आणि युनिकोडने तो उलटा करून ‘क’ आधी ठेवला. नांदेड आणि लातूरसारख्या गावांतल्या अक्षरजुळणीच्या धंद्याचा अलीकडचा इतिहास या एका वेलांटीच्या आधाराने सांगता येतो. प्रोग्रामर मंडळी फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायला गिटसारखी जी साधने वापरतात, तिथपर्यंत तो येऊन पोचतो.

लिपींची सरमिसळ या भागाला नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याचे माध्यमही उर्दूच होते. घरात मराठी, जुन्या हिशेबांत आणि कागदपत्रांत मोडी, नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गुरुमुखी, धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू, देगलूर-उदगीरच्या पट्ट्यात कन्नड. मराठी वर्तमानपत्र चालवणे हेच एक आंदोलन होते. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ साप्ताहिक १९३७ साली सुरू झाले आणि निजाम सरकारची बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघत राहिले.

कागद शिल्लक असतो, पण तो वाचणारा उरत नाही, हा अनुभवही इथे ताजा आहे. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतली निजामकालीन दप्तरे उघडली गेली. ती वाचायला मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे शोधावी लागली. कागदावरच्या लिपीचे निदान इतके तरी बरे असते की ती शिकता येते. नंतरच्या काळात संगणकावर जे मराठी साठले त्यातल्या बऱ्याच भागाला शिकता येईल अशी लिपीच नव्हती.

त्याआधी खिळ्यांचा काळ होऊन गेला. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथल्या देवनागरी खिळ्यांनी मराठी मुद्रणाला घाट दिला. पुढे जिल्ह्याच्या गावांत जे छोटे छापखाने उभे राहिले त्यांत ट्रेडल मशीन, खणाखणांच्या केसेस आणि त्यांच्यासमोर उभा असलेला जुळारी असे. इंग्रजीला जिथे शे-दीडशे खण पुरतात तिथे मराठीला मूळ अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार, अनुस्वार मिळून कित्येक पट खण लागत. जुळाऱ्याची बोटे खण न पाहता खिळा उचलत. ‘कि’ जुळवताना तो आधी वेलांटीचा खिळा लावी, मग ‘क’चा, कारण मजकूर डावीकडून उजवीकडे जुळत जाई. त्या वेळी हा क्रम सोयीचाच होता. छापून झाले की फर्मा सोडायचा आणि खिळे परत खणांत टाकायचे. मजकूर यंत्रात राहतच नसे, त्यामुळे तो कोणत्या क्रमाने साठवला हा प्रश्नही येत नसे.

टाइपरायटरने तीच सवय पक्की केली. गोदरेजने १९५५ मध्ये भारतातला पहिला टाइपरायटर बनवला आणि पुढे मराठी टंकलेखन हे तालुक्याच्या गावातल्या मुलामुलींसाठी नोकरीकडे नेणारे कौशल्य झाले. देवनागरीची सगळी अक्षरे चाळीस-पंचेचाळीस कळांवर बसवायची तर अक्षरे मोडण्यावाचून इलाज नव्हता. ‘ध’साठी अर्धा ध आणि काना असे दोन ठोके पडत. धर्माबाद लिहिताना अर्धा ध, काना, म, काना आणि मग मागून रफार असा क्रम असे. उच्चारात ‘म’च्या आधी येणारा ‘र्’ टंकयंत्रात ‘मा’ पुरा झाल्यावर येई. कागदावर उमटलेले धर्माबाद बिनचूक असे आणि तेवढ्याने काम भागे.

संगणक आला आणि पहिल्यांदाच मजकूर छापून झाल्यावरही आत राहू लागला.

भारतीय लिपींसाठी संगणकाचा विचार नीट पायापासून झाला होता, हे आवर्जून सांगायला हवे. कानपूरच्या आयआयटीत १९८०च्या दशकात जिस्ट हे तंत्र घडले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेले. १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरला. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने इस्की हे मानक प्रसिद्ध केले. त्याची मांडणी उच्चाराच्या क्रमाने होती: किनवटचा ‘क’ आधी, वेलांटी नंतर. शिवाय देवनागरी, तेलुगू, कन्नड अशा लिपींच्या ‘क’ला एकच संकेत दिलेला होता. देवनागरीत भरलेली नावांची यादी नुसती लिपी बदलून तेलुगूत किंवा कन्नडमध्ये दाखवता येई. धर्माबाद-देगलूरसारख्या सीमेवरच्या गावांना हे मानक किती सोयीचे होते!

बाजारात मात्र दुसरेच चालले. विंडोज आणि पेजमेकर इंग्रजीसाठी बनलेले. त्यांना देवनागरी ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती फक्त इंग्रजी अक्षरे आणि युरोपीय भाषांतली डोक्यावर रेघा, टिंबे, टोप्या असलेली अक्षरे. फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याच जागांवर देवनागरीची चित्रे बसवली. आत इंग्रजी अक्षर, वर मराठी मुखवटा. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम आणि लीप, आकृती, शिवाजी, हिंदीकडे कृतिदेव असे फॉन्टांचे संच आले. सी-डॅकने साठवणीसाठी इस्कीचा आग्रह धरला खरा, पण पेजमेकरमध्ये पान लावायला तिलाही स्वतःचे चित्र-फॉन्ट द्यावे लागले.

या फॉन्टांनी जिल्ह्याच्या गावांत एक नवा धंदा उभा केला. ट्रेडल मशीन कोपऱ्यात गेले आणि त्याच दुकानात संगणक, लेझर प्रिंटर, ट्रेसिंग पेपर आले. डीटीपी ही पाटी कॉलेज रोडवर, कोर्टासमोर, बसस्थानकाजवळ दिसू लागली. लग्नपत्रिका, हँडबिले, अर्ज, पोथ्या, स्मरणिका, कवितासंग्रह असे सगळे तिथे घडू लागले. नांदेडचे ‘प्रजावाणी’, ‘गोदातीर समाचार’, लातूरचे ‘एकमत’ अशा दैनिकांच्या या मुलखात जुळाऱ्याची जागा ऑपरेटरने घेतली. टाइपरायटर शिकलेल्या हातांना श्रीलिपीचा टंकयंत्री कळफलक लगेच जमला, कारण त्यात किनवटची वेलांटी आधीच येत होती.

या धंद्याला दोन मोठी गिऱ्हाइके मिळाली. एक लातूरची शिकवणी. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झाला आणि राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांच्या जोरावर ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर गाजले. सराव परीक्षा हा त्याचा कणा. रोज प्रश्नपत्रिका, रोज नोट्स, आणि त्या रातोरात टाइप करून देणारी दुकाने. दुसरे गिऱ्हाईक विद्यापीठ. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे हे लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. विद्यापीठ आले तसे मराठीतले प्रबंध आले आणि प्रबंध टाइप करणारे आले. तीनशे-चारशे पानांचा मजकूर, तळटीपा, संदर्भसूची, तिसऱ्यांदा बदललेले चौथे प्रकरण. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम नवीन दोन’ अशा नावांच्या फाइलींनी डेस्कटॉप भरून जात.

गोम कुठे होती हे एका कान्यावरून कळते. सी-डॅकच्या चित्र-फॉन्टांत काना म्हणजे आतून फ्रेंचमधला, डोक्यावर चढती रेघ असलेला कॅपिटल ‘ई’. श्रीलिपीत काना म्हणजे इंग्रजी स्मॉल ‘एम’. कृतिदेवमध्ये काना म्हणजे स्मॉल ‘के’. एकाच कान्याची तीन घरे. नांदेडच्या दुकानात एका फॉन्टमध्ये टाइप झालेला प्रबंध लातूरच्या दुकानात दुसरा फॉन्ट लावून उघडला, की पानभर ठिपके, कंस, टोप्या आणि रेघा असलेली परदेशी अक्षरे उभी राहत. म्हणून फाइलीसोबत फॉन्टही फ्लॉपीवर द्यायची पद्धत पडली. शोध लागत नसे, अकारविल्हे यादी लागत नसे, कारण संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतेच. उर्दूची गतही वेगळी नव्हती. १९९४ साली आलेल्या इनपेजने नस्तालिक सुंदर दिले, पण त्याचीही साठवण स्वतःपुरतीच होती.

किल्लीशिवाय वाचता न येणारा मजकूर या भागाला नवा नव्हता. नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला महानुभाव पंथ आपले पवित्र स्थान मानतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह. किल्ली फक्त पंथातल्या माणसाकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांपर्यंत ती किल्ली पोचली आणि मराठीतले आद्य गद्य सर्वांसाठी खुले झाले. महानुभावांनी ग्रंथ राखण्यासाठी जाणूनबुजून जे केले, तेच फॉन्टांनी नकळत केले. महानुभावांनी किल्ली तरी जपून ठेवली होती. फॉन्टांच्या बाबतीत कंपनीची आवृत्ती बदलली, सॉफ्टवेअरला लागणारा डोंगल हरवला, दुकान बंद पडले की किल्लीही गेली.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून मांडलेला होता. उच्चाराचा क्रम तोच. फक्त प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर मिळाले: देवनागरी ‘क’ला ०९१५, गुरुमुखीला ०ए१५, तेलुगूला ०सी१५, कन्नडला ०सी९५. नांदेडच्या रस्त्यावर ज्या लिप्यांच्या पाट्या शेजारी शेजारी दिसतात, त्या एका फाइलीत एकत्र नांदू शकतील अशी सोय झाली. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीची रचना कागदी टेबलमॅटवर आखली. ती रचना इंग्रजीचे अक्षर एका बाइटमध्ये ठेवते आणि देवनागरीचे तीन बाइटमध्ये. वेलांटी डावीकडे नेऊन दाखवायचे काम आता साठवणीकडून दाखवणीकडे गेले. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो घडवणारे र. कृ. जोशी मूळचे कोल्हापूरचे, आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवलेले. मराठी वळणाचे ल आणि श मात्र त्यात नव्हते. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा आणि लिपीचा निर्णय काढून ती वळणे प्रमाण म्हणून सांगितली.

युनिकोड आल्यावर सगळे मिटायला हवे होते. तरी ते लगेच मिटले नाही, आणि इथूनच गोष्ट आवृत्ती सांभाळणाऱ्या साधनांकडे वळते.

ही साधने काय करतात हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तलाठ्याच्या दप्तरावरून चटकन समजेल. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. जमिनीत काही बदल झाला की तिथे क्रमांक पडतो, कोणी कोणाकडून काय घेतले ते लिहिले जाते, संबंधितांना नोटीस जाते, हरकत ऐकली जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मगच सातबारा बदलतो. जुने नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. गिट हेच फाइलींसाठी करते: प्रत्येक बदलाला ओळखक्रमांक, कोणी केला, कधी केला, कोणती ओळ गेली, कोणती आली. मूळ सातबाऱ्याइतकीच फेरफाराची नक्कल कोर्टात मोलाची असते. प्रोग्रामरच्या कामात या इतिहासाचे मोल तेवढेच आहे.

या परंपरेची सुरुवात इंग्रजी मजकुरापासून झाली. १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांनी अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात आरसीएस बनवले, त्यातून सीव्हीएस आले, २००४ मध्ये सबव्हर्जनची पहिली पक्की आवृत्ती निघाली आणि एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्सने गिट लिहिले. मराठीची या साधनांशी गाठ पडली ती भाषांतरातून. नोम या मुक्त डेस्कटॉपच्या मराठीकरणाच्या फाइली आधी सीव्हीएसमध्ये, मग सबव्हर्जनमध्ये आणि २००९ पासून गिटमध्ये राहिल्या. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाच्या प्रत्येक पानामागे असाच बदलांचा इतिहास असतो. मराठीच्या कोणत्याही कोशामागे इतका उघडा फेरफार आधी कधी नव्हता.

आता ‘नांदेड’ नावाची एखादी फाइल गिटमध्ये ठेवून पाहावी. न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड अशी सहा चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट, एकूण अठरा. गिट मूळ मांडणीत इंग्रजीपलीकडचा प्रत्येक बाइट आठाच्या पायातल्या अंकांत लिहून दाखवते. त्यामुळे यादीत नांदेड दिसत नाही. दिसते ती आकड्यांची रांग: ३४०, २४४, २५०, पुन्हा ३४०, २४४, २७६, असे अठरा आकडे. फाइल शाबूत असते, नाव शाबूत असते. फक्त दाखवणे बिघडलेले असते. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही मांडणी बंद केली की नाव जसेच्या तसे दिसते. फ्रेंच, जर्मन, स्वीडिश लोकांनाही आपल्या टोपीवाल्या अक्षरांसाठी हेच करावे लागले. त्यांच्या नावात असे एखादे अक्षर असते. मराठी नाव मात्र अख्खे आकड्यांत जाते.

दुसरा बिघाड अधिक जुना. मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे आणि पाहणारे साधन त्याला युरोपीय समजते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो आणि त्या जागी युरोपीय तक्त्यात फ्रेंच ‘ए’ बसलेला आहे, डोक्यावर उतरती रेघ असलेला. म्हणून नांदेडऐवजी सहा फ्रेंच ‘ए’ दिसतात. त्यांच्या शेजारी पाच ठिकाणी चार कोपऱ्यांचे वर्तुळ येते आणि मात्रेच्या जागी एकदा जपानी येनचे चिन्ह. काना असेल तिथे तिसऱ्या जागी पाऊणचा अपूर्णांक उमटतो. फॉन्टांच्या काळात परदेशी अक्षरे खरोखर आत साठवलेली होती. इथे आत शुद्ध मराठी आहे आणि चूक फक्त वाचनाची आहे. विंडोजच्या काळ्या खिडकीत संकेतपृष्ठ ६५००१ लावणे, मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या ‘लेस’ला यूटीएफ-८ सांगणे, हे त्यावरचे उपाय.

हा फरक ओळखता न आल्याने नुकसान मात्र खरे होते. मराठीऐवजी परदेशी अक्षरे दिसली म्हणून कोणी फाइल पुन्हा साठवतो. जुन्या नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ हा पर्याय राहिला की अक्षरामागे एक प्रश्नचिन्ह उमटते, आणि ते प्रश्नचिन्ह परत मराठी होत नाही. ‘युनिकोड’ हा पर्याय निवडला तर नोटपॅड यूटीएफ-१६ ही निराळी साठवण वापरी. त्यात मोकळ्या जागेबरोबर शून्य बाइट येतो, आणि पहिल्या आठ हजार बाइटांत शून्य दिसला की गिट ती फाइल मजकुराची मानतच नाही. ओळ कुठे बदलली हे सांगायचे सोडून ते फक्त इतकेच सांगते की फाइली वेगळ्या आहेत. २०१८ मध्ये गिटच्या २.१८ आवृत्तीने यूटीएफ-१६ फाइली नीट हाताळण्याची सोय दिली. २०१९ मध्ये नोटपॅडने यूटीएफ-८ हा मूळ पर्याय केला. किती मजकुरावरचे संकट या दोन बदलांनी टळले असेल!

मराठीचा स्वतःचा पेच याहून खोल आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्यावा. मराठवाड्यातल्या कोणत्याही दैनिकाच्या पहिल्या पानावर तो सापडतोच. त्यातला अर्धा ‘र’ रफारासारखा डोक्यावर जात नाही, आडवा राहतो. हे वळण हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये ते दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत नेहमीचा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि य. दुसऱ्या रीतीत खाली टिंब असलेला ‘ऱ’, हलन्त आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्यात बारा चिन्हे, दुसऱ्यात अकरा. एकाने एका कळफलकावर आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर तोच परिच्छेद पुन्हा टाइप केला, तर गिट सांगते की ओळ बदलली. वाचणारा दोन्ही ओळी शेजारी ठेवून डोळे फाडून पाहतो आणि त्याला काही सापडत नाही. गिटचे बरोबर असते.

मधल्या एखाद्या साधनाने तो अदृश्य जोडक काढून टाकला, की ‘शेतकर्यांना’ उरते. बातम्यांच्या संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे हे रूप दिसते आहे. ती लिहिणाऱ्याची चूक नसते. वाटेत कुठेतरी एक चिन्ह गळालेले असते. ॲपमधल्या ‘ॲ’चेही तसेच. २००८ मधल्या युनिकोड ५.१ पर्यंत त्याला स्वतंत्र जागा नव्हती, म्हणून लोक अ आणि वरचा चंद्र वेगवेगळा टाइप करत. आज दोन्ही रूपे मराठीत फिरतात आणि शोध घेताना एक सापडते, दुसरे हुकते.

ॲपलच्या मॅकने यात तिसरे रूप घातले. त्याची जुनी फाइलप्रणाली नावातले जोडलेले चिन्ह सुटे करून साठवी. युरोपीय भाषांत ‘ए’ वेगळा आणि रेघ वेगळी. मराठीत याचा फटका नेमका ‘ऱ’ला बसतो: त्याचे होते साधा र आणि खाली नुक्ता. लिनक्सवर ठेवलेली ‘सातबाऱ्याची यादी’ मॅकवर गेली की एकच फाइल गिटला दोन वाटे: एक हरवलेली, एक नव्याने आलेली. सबव्हर्जनवाल्यांनीही याच दुखण्यावर बरीच वर्षे काढली. गिटने २०१२ मध्ये १.७.१२ आवृत्तीत ‘प्रीकंपोज युनिकोड’ ही मांडणी देऊन सुटे झालेले पुन्हा जोडून घेतले. तो उपाय युरोपातल्या टोपीवाल्या अक्षरांसाठी झाला, पण मराठीचा ‘ऱ’ही त्याने सांभाळला. जोडक असलेले रूप आणि ‘ऱ’चे रूप मात्र त्याने एक होत नाही, कारण युनिकोडच्या नियमांत ती दोन एकरूप मानलेली नाहीत. ते काम मराठी लिहिणाऱ्यांनी आपसांत ठरवूनच करावे लागते.

दाखवणीची एक अडचण अजूनही पुरती सुटलेली नाही. गिट बहुतेक वेळा टर्मिनलच्या खिडकीत चालते आणि टर्मिनल पडद्याचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकात एक अक्षर ठेवते. बऱ्याच टर्मिनलमध्ये किनवटची वेलांटी अजूनही ‘क’च्या उजवीकडे किंवा भलत्याच जागी उभी असते. बदललेला भाग रंगवून दाखवणारी साधने कधी अक्षर आणि वेलांटी यांच्या बरोबर मधोमध कापतात. मग निराधार वेलांटीच्या शेजारी टिंबांचे वर्तुळ येते. हार्फबझसारख्या मुक्त अक्षर-यंत्रणांनी ब्राउझर आणि मोबाइलमध्ये हे फार सुधारले. म्हणून मराठी मजकुरातला बदल तपासायचा तर टर्मिनलपेक्षा ब्राउझरमध्ये उघडून पाहणे आजही शहाणपणाचे.

महसुलाच्या कामात अक्षराची किंमत किती असते हे निराळे सांगायला नको. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मधल्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करून घ्यायला माणसे तहसीलला खेटे घालतात. आडनावातला एक काना पीककर्ज अडवू शकतो. आता नोंदी ऑनलाइन आहेत, नावे एका यंत्रणेतून दुसरीकडे जातात, आणि दोन ठिकाणी सारखे दिसणारे नाव आतून वेगळे असेल तर यंत्र ते जुळवत नाही. गिटच्या पडद्यावर प्रोग्रामरला जे नुसते त्रासदायक वाटते, ते सातबाऱ्यावर शेतकऱ्याला महागात पडते.

श्रीलिपीच्या, आयएसएमच्या काळातला मजकूर अजून या दोन जिल्ह्यांत पडून आहे: प्रबंध, गौरवग्रंथ, गावांचे इतिहास, स्थानिक दैनिकांच्या जुन्या पुरवण्या, लातूरच्या शिकवण्यांच्या नोट्स. यूजीसीच्या २००९च्या नियमांनंतर प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर चढू लागले, पण चित्र-फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये ‘किनवट’ शोधले तर काही हाती लागत नाही. रूपांतर करणारी साधने आहेत. ती वेलांटी ‘क’च्या मागे नेतात, रफार पुढे आणतात, चुका होतात त्या ‘ऱ्या’मध्ये, विरळ जोडाक्षरांत आणि मजकुरात मिसळलेल्या इंग्रजी शब्दांत. या कामाला गिटइतके योग्य साधन दुसरे नाही. मूळ फाइल जशी आहे तशी पहिली आवृत्ती म्हणून ठेवावी आणि सोबत फॉन्टचे नाव व आवृत्ती लिहून ठेवावी. यंत्राने केलेले रूपांतर ही दुसरी आवृत्ती. माणसाने डोळ्याखालून घालून केलेल्या दुरुस्त्या तिसरीपासून पुढे, एकेका प्रकरणाला एकेक नोंद. ‘ऱ’चे कोणते रूप वापरायचे ते पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या एखाद्या विद्यार्थ्याने आणि श्रीलिपीचा कळफलक बोटांत असलेल्या एखाद्या जुन्या ऑपरेटरने शेजारी बसून हे काम हाती घ्यावे. त्या फॉन्टांच्या खाचाखोचा ठाऊक असलेली माणसे अजून दुकानांत बसतात आणि त्यांच्या जुन्या हार्ड डिस्क अजून भंगारात गेलेल्या नाहीत.